फॅटी लिव्हर? अहो, सगळ्यांनाच असतं!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाउसमध्ये झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्त्या आपल्या बी विंगमधील रहिवासी असून अनेक वर्षे फिजिशियन म्हणून व्यवसाय करीत आहेत. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट बसायची होती. दूध, भाजी, गॅसचा सिलिंडर, कडेवरची पोरं, सगळं जिन्याने वर जायचं. बिल्डरच्या नावाने बोटं मोडत का होईना, आपण दिवसातून चार वेळा चौथा मजला चढत होतो. आज लिफ्ट आहे, भाजी दारात येते, आणि आपण सगळे पंचावन्न-साठीला आलोय.

समितीने मला सांगितलं, "डॉक्टरताई, हृदयावर बोला." मी म्हणाले, बोलते, पण सुरुवात लिव्हरपासून करीन. का, ते एका प्रसंगातून सांगते. ज्यांचा हा प्रसंग आहे ते सी विंगचे भाऊ आज इथेच बसलेत. "नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा," अशी त्यांनी परवानगी दिली आहे. नाव न घेताही तुम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंत, त्याला माझा इलाज नाही!

चार वर्षांपूर्वी भाऊंनी मला लिफ्टमध्ये एक कागद दाखवला. पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. खाली लिहिलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड वन. भाऊंना तेव्हा मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांनी विचारलं, "ताई, काळजीचं काही?" मी तळमजला येईपर्यंत कागद वाचला आणि म्हणाले, "अहो, ग्रेड वन ना? सगळ्यांनाच असतं. जरा चाला, तेलकट कमी करा." लिफ्टचं दार उघडलं, ते ऑफिसला गेले, मी दवाखान्यात गेले.

भाऊंनी त्यातून दोन अर्थ काढले. एक, काळजीचं काही नाही. दुसरा, तरीही लिव्हरला जपायला हवं. कुणीतरी मोबाइलवर संदेश पाठवला होता की कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर खराब होतं. भाऊंनी ती गोळी आपल्या मनाने बंद केली. मला सांगितलं नाही, वहिनींनाही नाही.

दीड वर्षाने अनंत चतुर्दशीला, आपला गणपती गेटपर्यंत आला असताना, भाऊंना घाम फुटला. पोटात वरच्या बाजूला जळजळ होत होती. छातीत दुखत नव्हतं. सकाळचे दोन बटाटेवडे बाधले असतील म्हणून ते सोडा पिऊन कठड्यावर बसले. ढोल वाजत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक दिसला म्हणून वॉचमनने मला हाक मारली. ईसीजी काढला तर हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट पडले, जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा अशक्त झाला. आज भाऊंना दुसरा मजला चढताना थांबावं लागतं.

रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये वहिनींनी मला विचारलं, "ताई, तो लिव्हरचा रिपोर्ट तुम्हाला दाखवला होता ना? त्यातून काही कळलं असतं का हो?" आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी त्यांना तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. आजचं हे भाषण म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. वहिनी, हो. कळलं असतं.

चरबीचं पार्किंग

लिव्हर उजव्या बरगड्यांखाली असतं, वजन साधारण दीड किलो. जेवणातली साखर साठवणं, रात्री आपण झोपलेलो असताना ती थोडी थोडी रक्तात सोडणं, चरबीची पुडकी बांधून शरीरभर पाठवणं, ही सगळी कामं त्याची. केव्हा सोडायचं आणि केव्हा थांबायचं, हा हुकूम मुख्यतः इन्सुलिनचा.

आता चरबी. ती साठवायची अधिकृत जागा म्हणजे कातडीखाली. समजा आपल्या सोसायटीत फ्लॅट बहात्तर आणि पार्किंग चाळीस. चाळीस गाड्या लागल्या की पुढच्या कुठे लागतात? रॅम्पवर, गेटसमोर, पंपहाउसच्या दारात. (हशा) हसू नका, दर वार्षिक सभेत हेच भांडण असतं! शरीरातही तसंच होतं. कातडीखालची जागा भरली की चरबी पोटाच्या आत आतड्यांभोवती, स्वादुपिंडात आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते. लिव्हरच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. म्हणजे नको असतानाही साखर सोडत राहतं. "ताई, रात्री गोडाचा कणही खाल्ला नव्हता, तरी सकाळची उपाशीपोटी शुगर एकशे साठ कशी?" हा प्रश्न मला रोज एकजण तरी विचारतो. उत्तर हेच, ती साखर तुम्ही खाल्लेली नाही, लिव्हरने रात्री बनवलेली आहे. साखर वाढली की शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं, आणि जास्तीच्या इन्सुलिनने लिव्हरमध्ये आणखी चरबी तयार होते. एकातून दुसरं, दुसऱ्यातून पुन्हा पहिलं. म्हणूनच टाइप टू मधुमेह असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना फॅटी लिव्हर असतं.

मग हृदयाचा काय संबंध?

चरबीने भरलेलं लिव्हर गप्प बसत नाही. ते ट्रायग्लिसराइड्स भरलेली पुडकी जास्त प्रमाणात रक्तात सोडतं. त्यामुळे एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी होतं. वाईट कोलेस्टेरॉलचे, म्हणजे एलडीएलचे, कण लहान आणि घट्ट होतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. अशा वेळी एलडीएलचा आकडा ठीकठाक दिसला तरी फसायचं नाही. शिवाय असं लिव्हर सूज वाढवणारी आणि रक्ताची गुठळी व्हायला मदत करणारी प्रथिनंही जास्त बनवतं.

दुसऱ्या बाजूने मधुमेह काय करतो? रक्तवाहिनीचं आतलं गुळगुळीत अस्तर वाढलेल्या साखरेने खराब होतं. म्हणजे एकाने भिंत खरवडून ठेवली आणि दुसऱ्याने तिथे चिकटणारा माल पाठवला. सोबत रक्तदाब असतोच. एकेकटे असताना जेवढं नुकसान करतील, त्याहून दोघं मिळून जास्त करतात.

लोकांना वाटतं, फॅटी लिव्हर झालं म्हणजे पुढे लिव्हर निकामी होईल. काहींचं होतंही. पण फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लिव्हर नाही, हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांचे विकार आहेत. भाऊंच्या कागदावर नाव लिव्हरचं होतं, पण निरोप हृदयासाठी होता. मी फक्त नाव वाचलं.

हा आजार डॉक्टरांनीही उशिरा ओळखला. पूर्वी अशी सूज दिसली की रुग्ण दारू पितो आणि खोटं बोलतो असंच धरायचे. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. युर्गेन लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या वीस रुग्णांची लिव्हर तपासून हे वेगळं दुखणं मांडलं. पुढे कितीतरी वर्षं त्याचं नाव 'दारूशिवायचं फॅटी लिव्हर' असंच होतं. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी ते नाव बदललं. नव्या नावात दारूचा उल्लेख गेला आणि चयापचयाच्या बिघाडाचा आला. म्हणजे पोट, साखर, चरबी, रक्तदाब यांच्याशी असलेलं नातं आता नावातच आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये मधुमेह आणि हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला.

"पण मी तर बारीक आहे"

हे वाक्य मला आपल्या पुण्यात फार ऐकू येतं. त्याचं उत्तरही पुण्यातच मिळालं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळं जन्मताना सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोच्या. आपली बाळं लहान, त्यांचे स्नायू कमी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून बारीक, आतून चरबीदार.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! म्हणजे आपल्याकडे मुळात पार्किंगच कमी मंजूर झालंय. चार गाड्या जास्त झाल्या की लगेच पंपहाउसच्या दारात. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. आपल्या लोकांसाठी पुरुषांची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत, बायकांची ऐंशीच्या आत हवी. पँटचा नंबर नका सांगू, पँट पोटाखाली बांधतात. टेप बेंबीच्या पातळीवर धरा.

आणि हे फक्त आपल्या तीन विंगचं दुखणं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी साडेतेरा कोटी. सगळ्यांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के.

घरी जाऊन फाइल काढा

आता कामाचं. प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते, त्यात सगळे रिपोर्ट कोंबलेले असतात. आज रात्री ती उघडा.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ग्रेडवर विसंबू नका. ग्रेड सांगते साधारण चरबी किती. लिव्हरमध्ये व्रण किती पडलेत, ज्याला फायब्रोसिस म्हणतात, ते ग्रेड सांगत नाही. आणि पुढचा धोका, लिव्हरचा आणि हृदयाचाही, जास्त करून व्रणांवर ठरतो. ग्रेड वनमध्येही व्रण असू शकतात. उलट, सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे सुटलो असंही नाही. चरबी वीस-तीस टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय सोनोग्राफीत ती नीट दिसत नाही. एसजीपीटी नॉर्मल असलं तरीही फॅटी लिव्हर असू शकतं.

व्रणांचा अंदाज घ्यायला एक साधं गणित आहे, फिब-फोर. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या. भाऊंच्याच जुन्या रिपोर्टवरून करू. वय ५४, एसजीओटी ४८. गुणाकार २५९२. प्लेटलेट्स एक लाख ऐंशी हजार, म्हणजे १८०. एसजीपीटी ६४, वर्गमूळ ८. गुणाकार १४४०. भागाकार आला १.८. हा आकडा १.३ च्या वर गेला की पुढची तपासणी, म्हणजे फायब्रोस्कॅन, करावी का ते डॉक्टरांना विचारायचं. पासष्टीच्या पुढे ही मर्यादा २ धरतात. सगळे आकडे त्या दिवशी फाइलमध्ये होते. कागद, पेन आणि दोन मिनिटं पुरली असती.

मग त्याच फाइलमध्ये एचबीएवनसी, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, एलडीएल, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तदाबाची नोंद बघा. हे सगळे कागद एका डॉक्टरसमोर एकदम ठेवा. शुगरचा कागद एकाकडे, पोटाचा दुसऱ्याकडे, हृदयाचा तिसऱ्याकडे, असं केलं की प्रत्येकजण आपापलं खातं बघतो आणि माणूस मधल्या फटीत पडतो.

आणि कोलेस्टेरॉलची गोळी. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन बंद करायचं नसतं. उलट फॅटी लिव्हर आणि मधुमेह असलेल्या बहुतेकांना त्याची जास्त गरज असते. टाइप टू मधुमेह असलेल्या, पण आधी हृदयविकार नसलेल्या लोकांवर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अॅटोरव्हास्टॅटिनच्या रोजच्या दहा मिलिग्रॅमने हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. लिव्हर अगदी शेवटच्या टप्प्यात निकामी झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. बाकी गोळी सुरू करणं, बदलणं, थांबवणं, हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच. मोबाइलवरच्या संदेशाला विचारून नाही.

ताटात काय आणि पायांना काय

चांगली बातमी अशी की लिव्हर फार क्षमाशील आहे. वजन पाच टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरलं की सूज उतरायला लागते. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर अनेकांचे व्रणसुद्धा मागे हटतात. ऐंशी किलोच्या माणसाला आठ किलो. एका महिन्यात नाही, सात-आठ महिन्यांत.

सुरुवात चहापासून. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, चमच्याला पाच ग्रॅम धरा. दिवसाचे चाळीस ग्रॅम, महिन्याला एक किलो दोनशे ग्रॅम साखर, एकट्याची, फक्त चहातून! गूळ घातला तरी हिशेब तोच. लिव्हरला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. फळ चावून खा, रस काढून पिऊ नका. चहाबरोबरची खारी आणि टोस्ट मोजा. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस, हा उपास नव्हे. ताटात उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक वाढवा. भात आणि पोळी दोन्ही हवंच असेल तर दोन्ही अर्धं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर हिशेब चुकतोय. दारू थोडीही नको, कारण मधुमेहासोबत ती लिव्हरला दुहेरी मार देते. तंबाखू आणि सिगारेट तर हृदयासाठी विषच.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा दम लागेल असं. मागच्या गेटजवळच्या कट्ट्यावर बसून गप्पा मारणं यात धरत नाहीत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारा, जेवणानंतरची शुगर त्याने खाली राहते. आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा, बायकांनाही. कारण जेवणातली साखर ठेवायची मोठी जागा म्हणजे स्नायू.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*लिव्हर टॉनिक किंवा काढा घेतला तर चालेल?* बाटलीने चरबी उतरत नाही. काही काढे आणि पुड्या लिव्हरला इजा करतात, म्हणून आपल्या मनाने काही घेऊ नका. नवी औषधं आली आहेत, मधुमेहाच्या काही औषधांनी वजन, लिव्हर आणि हृदय तिन्हींना फायदा होतो. पण कुणाला कोणतं, ते तपासून ठरतं.

*मुलांनाही होतं का?* होतं. पोट सुटलेल्या, मानेवर काळसर जाड पट्टा आलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवा. मळ समजून घासत बसू नका.

*मधुमेहात झटका कळत नाही हे खरं?* अनेकदा खरं. छातीत कळ येईलच असं नाही. अचानक घाम, धाप, जबडा-खांदा-पाठ दुखणं, पोटात वर जळजळ, नुसता कमालीचा थकवा, यातलं काहीही. सोडा पिऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. नसता निघाला झटका तर मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन.

शेवटी

समितीकडे माझ्या तीन मागण्या आहेत. वर्षातून एक रविवार 'फाइल रविवार' करा, मी आणि सोसायटीतले दोन डॉक्टर इथे बसू, कुणीही पिशवी घेऊन यावं. दुसरी, गेटपासून लिफ्टपर्यंतची वाट अँब्युलन्ससाठी कायम मोकळी ठेवा. भाऊंच्या वेळी दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवाव्या लागल्या होत्या. तिसरी, सभेनंतरचा नाश्ता बदला. सेक्रेटरीसाहेब, आजही बाहेर बटाटेवड्यांचा वास येतोय. (हशा) आज खा, एकच खा, पुढच्या वेळी मटकीची उसळ ठेवा.

आणि एक गोष्ट माझ्याकडून. त्या लिफ्टमध्ये मी जे वाक्य बोलले ते मी गेली अडीच वर्षं कुणाला म्हणालेले नाही. सगळ्यांनाच असतं हे खरंच आहे. चारातल्या एकाला तरी असतंच. पण सगळ्या इमारतीच्या टाकीचं पाणी खराब झालं, तर "सगळ्यांकडेच येतंय" म्हणून आपण ते पीत नाही. टाकी धुऊन घेतो.

भाऊ, तुम्ही तुमची गोष्ट सांगायची परवानगी दिलीत. वहिनी, तुम्ही प्रश्न विचारलात. दोघांचे आभार. आता कुणी लिफ्टमध्ये रिपोर्ट दाखवला तर मी एकच सांगते, "दवाखान्यात या, बसून बघू." राग मानू नका.